आधी कागद ठरवा, मग प्रिंटर: घरी कागदी मॉडेल आणि फोटो छापायचे असतील तर

गणपती जवळ आले की घरात मखराची चर्चा सुरू होते आणि ती संपते न संपते तोच आकाशकंदिलाची. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि मखरासाठी पुठ्ठा, जाड कागद यांना पुन्हा मान मिळाला. शिवाय इंटरनेटवर कागदी मॉडेलांचे नमुने फुकट मिळतात. किल्ले, आगगाड्या, देवळं, प्राणी असं काहीही छापायचं, कापायचं, घड्या घालून चिकटवायचं. कॅननच्या ‘क्रिएटिव्ह पार्क’ या संकेतस्थळावरच असे ढिगाने नमुने आहेत. त्यात मुलांचे शाळेचे प्रकल्प आणि मोबाइलमध्ये साठलेले फोटो. मग एक दिवस ‘घरी प्रिंटरच घेऊन टाकू’ असं ठरतं.

गोंधळ दुकानात सुरू होतो. एका खोक्यावर ५७६० × १४४० डीपीआय लिहिलेलं, दुसऱ्यावर ७५०० पानं, तिसऱ्यावर वाय-फाय. यातला एकही आकडा तुमचा कंदील घडीवर फाटेल का, किंवा आजीचा फोटो वर्षभरात पिवळा पडेल का, हे सांगत नाही.

ते कळायला हवं असेल तर उलट्या टोकाकडून निघावं लागतं. तुम्हाला कोणता कागद छापायचा आहे हे आधी ठरवा. त्या कागदाला कोणती शाई धरते आणि तो कोणत्या वाटेने यंत्रातून जाऊ शकतो, एवढं कळलं की दुकानातले निम्मे प्रिंटर आपोआप बाद होतात.

सोळा कागद आणि एक वजनकाटा

कागदाची जाडी दुकानात ‘जीएसएम’मध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. ए४ आकाराचे सोळा कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणजे सोळा ए४ कागद स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले आणि काट्याने १६० ग्रॅम दाखवले, तर तो कागद १६० जीएसएमचा. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. सुट्या कार्डशीटच्या बाबतीत ही खातरजमा जरूर करावी.

झेरॉक्सचा रोजचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. कागदी मॉडेलला तो पुरत नाही, भिंती पोटात जातात. लहान, बारीक घड्यांच्या मॉडेलला १२० ते १६०, किल्ल्याच्या तटासारख्या सरळ मोठ्या भागांना १८० ते २२० जीएसएम चांगला. त्याहून जाड घेतलं म्हणजे मजबुती वाढेल असं वाटतं, पण अर्ध्या सेंटीमीटरच्या पट्टीला २५० जीएसएमचा कागद नीट वळत नाही, घडी गोल येते आणि कोपरे जुळत नाहीत. जिथे खरंच ताकद हवी तिथे आतून पुठ्ठा चिकटवावा.

कागदाला दिशाही असते. कागद बनताना त्याचे तंतू एका दिशेने लागतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. एका बाजूने तो मुकाट्याने वळतो, दुसऱ्या बाजूने विरोध करतो. जो वळवायला सोपा, त्याच दिशेने घातलेली घडी स्वच्छ येते. कंदिलाचं नळकांडं उलट्या दिशेने वळवलं की कागदावर बारीक बारीक मोडी पडतात आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

मोठं कार्डशीट आणून ए४ कापायचं असेल तर ते दुकानातल्या कटिंग मशीनवरच कापून घ्या. कात्रीने कापलेली कड एक-दोन मिलिमीटर तिरकी जाते, प्रिंटर त्या कडेलाच सरळ समजून चालतो आणि अख्खं पान तिरकं छापलं जातं.

कागद यंत्रात कोणत्या वाटेने जातो?

प्रिंटर निवडताना सगळ्यात महत्त्वाची आणि विक्रेत्याने सहसा न सांगितलेली गोष्ट हीच. काही प्रिंटरमध्ये कागद खाली, पुढच्या खणात ठेवतात. तिथून तो मागे जाऊन उलटा वळतो आणि पुढून बाहेर येतो. नव्वद जीएसएमचा कागद हे वळण सहज घेतो. दोनशे जीएसएमचं कार्डशीट एकतर मध्येच अडकतं किंवा बाहेर येताना धनुष्यासारखं वाकलेलं येतं. काही प्रिंटरमध्ये कागद मागच्या बाजूला उभा ठेवतात आणि तो थोडासाच वाकून पुढे येतो. कार्डशीट आणि जाड फोटोपेपर यांना ही मागची वाटच हवी.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा: कागद मागून घालता येतो का? दिसायला आटोपशीर, धूळ कमी बसणारे पुढच्या खणाचे प्रिंटर ऑफिसच्या पत्रांना ठीक आहेत. मॉडेलसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मागची वाट असली तरी जाड कागद एका वेळी एकच घालावा. कागदाचे कोपरे वर उचललेले असतील तर हेड, म्हणजे शाईचे थेंब टाकणारा सरकता भाग, त्यांना घासतं आणि कडेला काळे फराटे उमटतात. असा कागद आधी उलट बाजूने हलका वाकवून सपाट करून घ्यावा. शिवाय प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हेड आणि कागद यांच्यातलं अंतर वाढवायची सोय असते. एप्सनमध्ये ती ‘थिक पेपर’ आणि कॅननमध्ये ‘प्रिव्हेंट पेपर ॲब्रेजन’ अशा नावाने सापडते. काम झाल्यावर ती बंद करायला विसरू नका, नाहीतर साध्या कागदावरची अक्षरं जराशी पसरट येतात.

पण लेझरची छपाई जास्त टिकते ना?

टिकते, सपाट कागदावर. घडीवर नाही.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी. ती कागदावर बसवून सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रुळाखालून कागद जातो, भुकटी वितळते आणि कागदाच्या पाठीवर तिचा पातळ पापुद्रा तयार होतो. इंकजेटची शाई पातळ असते, ती कागदाच्या तंतूंत मुरते. भिंतीला लावलेला ऑइलपेंट आणि कापडाला दिलेला रंग यांच्यातला फरक इथे आहे. कापड दुमडलं तर रंग दुमडतो, ऑइलपेंट मात्र तडकतो.

हे पाहायला काही खर्च नाही. गडद रंगाचं एक लेझर पान आणि एक इंकजेट पान घ्या. दोन्हींना नखाने दाबून घडी घाला, मग घडी उलगडून उलट बाजूला घाला. असं तीन वेळा करा. लेझरच्या पानावर घडीच्या रेषेत पांढरी चीर दिसते, बोट फिरवलं तर रंगाचे कण सुटून येतात. इंकजेटच्या पानावर रेघ फिकट होते, पण रंग उखडत नाही. एका मॉडेलमध्ये अशा शंभर-दीडशे घड्या असतात, तेव्हा हा फरक दुरूनही दिसतो.

लेझरचीच प्रत हाताशी असेल तर घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने आणि पट्टीने मागच्या बाजूने रेघ दाबून घ्या, आणि घडी एकदाच घाला. उरलेली पांढरी कड जवळच्या रंगाच्या स्केचपेनने टिपून टाकता येते. कापलेल्या कडांना तर हा उपाय इंकजेटच्या मॉडेलमध्येही करावाच लागतो, कारण कागदाचं पोट पांढरंच असतं.

एक धोक्याची गोष्ट. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटोपेपर लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नका. त्यावर प्लास्टिकचा थर असतो, तो तापलेल्या रुळाला वितळून चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो.

शाई दोन जातींची, आणि मध्ये येतं फेविकॉल

इंकजेटच्या शाईत रंग दोन तऱ्हांनी घातलेला असतो. डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, पाण्यात कालवलेल्या चुन्याचे कण असावेत तसे. डायचे रंग झळझळीत दिसतात, फोटोपेपरमध्ये खोल मुरतात. पण ओल लागली की साखर पुन्हा विरघळते. पिगमेंटचे कण वाळल्यावर कागदाला धरून बसतात, पाण्याचा थेंब पडला तरी फारसे हलत नाहीत.

घरगुती टाकीवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या प्रिंटरपैकी बऱ्याच मॉडेलांत मिश्र व्यवस्था असते: काळी शाई पिगमेंट, बाकीचे तीन रंग डाय. कॅननच्या जी-मालिकेतले चार रंगांचे नेहमीचे प्रिंटर आणि एचपीचे स्मार्ट टँक याच पद्धतीचे. कॅननच्याच मॅक्सिफाय जीएक्स मालिकेत चारही रंग पिगमेंटचे असतात.

आता मॉडेल चिकटवताना काय होतं ते पाहा. फेविकॉलमध्ये पाणी असतं. चिकटवायच्या पट्टीवर फेविकॉलचा जाड थर दिला की पाणी कागदातून आरपार मुरतं, बाहेरच्या बाजूची डाय शाई विरघळते आणि तटाच्या करड्या दगडांवर गुलाबी-निळे डाग उमटतात. कागद फुगतो तो वेगळाच. उपाय सोपे आहेत, पण वेळेवर करावे लागतात. छापलेली पानं निदान एक रात्र वाळू द्या. फेविकॉल वाटीत घेऊन टूथपिकने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अगदी पातळ पसरवा, बोटाने कधीच नाही. लांब सरळ जोडांना ग्लू स्टिक वापरा, तिच्यात पाणी कमी. मोठं मॉडेल असेल तर कापण्याआधी पानांवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ हात मारून ठेवा. एक जाड हात मारलात तर स्प्रेनेच कागद ओला होतो.

गणपती पावसाळ्यात येतात हेही लक्षात ठेवायला हवं. कोकणात, गोव्यात, मुंबईत ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत कागद स्वतःच ओल धरतो. उघडं पाकीट कपाटात ठेवलं तर आठवड्याभरात कागद कडेने लाटा घेतो आणि त्यावर शाई पसरते. उरलेला कागद झिप-पिशवीत, आडवा, वजनाखाली ठेवावा. मखराच्या अभिषेकाचं पाणी उडेल अशा भागांना डाय शाईचा कागद लावायचाच असेल तर वर स्प्रे हवाच.

दुकानातलं गुळगुळीत कार्ड छान दिसतं, पण शाई वाळतच नाही

ही तक्रार फार ऐकू येते. स्टेशनरीच्या दुकानात लग्नपत्रिकेच्या जातीचं चकचकीत ‘आर्ट कार्ड’ मिळतं. ते ऑफसेट छपाईसाठी असतं. त्याच्या गुळगुळीत मुलाम्यात पाण्यासारखी शाई मुरायला जागाच नाही. शाई थेंबाथेंबाने वर बसते, तासाभराने हात लावला तरी पुसते. इंकजेटचा फोटोपेपरही चकचकीतच, पण त्याच्या वरच्या थरात स्पंजासारखी सूक्ष्म छिद्रं असतात आणि शाई क्षणात आत ओढली जाते. दिसायला भावंडं, वागायला परकी. कागदाच्या पाकिटावर ‘इंकजेट’ हा शब्द असल्याशिवाय चकचकीत कागद घेऊ नये. मॉडेलसाठी साधं, बिनचकाकीचं, पांढरं कार्डशीट उत्तम. त्यावर रंग थोडे दबलेले येतात, पण दगड-माती-लाकडाच्या मॉडेलांना तेच शोभतं.

फोटोपेपरवर मॉडेल छापायचा मोहही टाळावा. वरचा थर घडीवर सोलतो.

फोटोपेपरच्या बाबतीत दुसरी चूक सेटिंगची असते. कागद चकचकीत घातला, पण संगणकावर ‘प्लेन पेपर’ तसंच राहिलं. मिश्र शाईच्या प्रिंटरला वाटतं साधा कागद आहे, म्हणून तो पिगमेंटची काळी शाई वापरतो. ती चकचकीत थरात मुरत नाही आणि फोटोतले केस बोटाला लागतात. ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडलं की प्रिंटर काळी बाटली बाजूला ठेवून तीन रंग मिसळून काळा तयार करतो. तोच कागद, तीच शाई, फक्त एक पर्याय बदलला की फोटो सुधारतो. कोणती बाजू छापायची हे कळत नसेल तर कोपऱ्याला जराशी ओली बोटं लावा. जी बाजू किंचित चिकटते ती छापायची.

फोटोसाठी चार रंग पुरतात का?

निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून सगळे रंग तयार होतात. फिका रंग हवा असेल तर प्रिंटर ठिपके विरळ टाकतो. गालावरचा उजेड, आकाशाचा फिका निळा अशा जागी हे विरळ ठिपके जवळून पाहिल्यास रव्यासारखे दिसतात. म्हणून फोटोच्या प्रिंटरमध्ये सहा शाया असतात. एप्सनच्या एल८०५० मध्ये फिका निळा आणि फिका किरमिजी असे दोन रंग जादा आहेत, त्यामुळे फिक्या जागीही ठिपके दाट बसतात आणि त्वचा मऊ दिसते. हाच प्रकार ए३ पेक्षा थोड्या मोठ्या कागदावर हवा असेल तर एल१८०५० आहे.

खोक्यावरचा डीपीआयचा आकडा इथे फसवतो. ५७६० म्हणजे एका इंचात शाईचा थेंब ठेवण्याच्या तेवढ्या जागा. फोटोतला तपशील त्याने तेवढा वाढत नाही, कारण फोटोचा एक बिंदू रंगवायला अनेक थेंब लागतात. त्यापेक्षा थेंबाचं माप विचारावं. ते पिकोलिटरमध्ये असतं, म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. साध्या घरगुती प्रिंटरचा लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरच्या आसपास, फोटोच्या प्रिंटरचा दीड. तीन पिकोलिटरचा थेंब हवेत साधारण १८ मायक्रॉन रुंद असतो, आपला केस त्याच्या तीन-चार पट जाड. मॉडेलसाठी तीनसुद्धा भरपूर झाले.

आणि चांगल्या कागदावरचा चार रंगांचा फोटो हा स्वस्त कागदावरच्या सहा रंगांच्या फोटोपेक्षा हमखास सरस दिसतो. महिन्याला पाच-दहा फोटो छापणाऱ्याने जादा पैसे प्रिंटरवर घालण्याऐवजी २३० ते २६० जीएसएमच्या चांगल्या फोटोपेपरवर घालावेत.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो किती मोठा छापता येतो?

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० बिंदू लागतात असं धरतात. ४ × ६ इंचाच्या फोटोला १२०० × १८०० बिंदू पुरे. ए४ ला २४८० × ३५०८ हवेत. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० बिंदूंवर येते. तो ४ × ६ इंचावर छापला तर इंचाला २६० च्या पुढे बिंदू मिळतात, छान दिसतो. तोच ए४ वर ताणला की इंचाला जेमतेम १३७ उरतात आणि डोळे, पापण्या, साडीचे काठ पुसट होतात. कितीही महागडा प्रिंटर हे भरून काढू शकत नाही. मोठा फोटो छापायचा असेल तर पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

छापलेला फोटो लगेच काचेच्या चौकटीत घालू नका. कागदातला ओलावा आणि शाईतली द्रव्यं हळूहळू उडत असतात, आत कोंडली की काचेला आतून धुरकट थर येतो. एक दिवस मोकळा ठेवून मग चौकटीत घाला. चौकटीत मात्र घालाच. छिद्रांच्या फोटोपेपरवरची डाय शाई उजेडाने उडते, तशीच हवेतल्या ओझोननेही उडते. भिंतीवर उघडा चिकटवलेला फोटो काचेमागच्या फोटोच्या कितीतरी आधी फिका पडतो.

मॉडेलचे भाग जुळत का नाहीत?

कापणी नीट, घड्या नीट, तरी छप्पर भिंतींवर बसत नाही. दहातल्या नऊ वेळा कारण छापतानाच्या एका पर्यायात असतं.

बहुतेक प्रोग्रॅम पीडीएफ छापताना ‘फिट’ हा पर्याय आपणहून निवडतात. प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही, चहूबाजूंनी ३ मिलिमीटरच्या आसपास जागा सोडतो. चित्र त्या आतल्या चौकटीत बसवायला प्रोग्रॅम ते सुमारे ९७ टक्के करतो. शंभर मिलिमीटरची भिंत सत्त्याण्णव होते. सगळीच पानं अशी छापली तर मॉडेल थोडं लहान होईल, एवढंच. पण फसलेलं एक पान तुम्ही नंतर मोबाइलवरून पुन्हा छापलंत आणि ते शंभर टक्क्यांवर छापलं गेलं, तर भिंत आणि छप्पर यांच्यात तीन मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्याने किल्ल्याचा बुरूज मिटत नाही.

अमेरिकेत बनलेले नमुने ‘लेटर’ आकाराचे असतात. तो कागद ए४ पेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि जवळपास अठरा मिलिमीटर आखूड असतो. तो ए४ वर ‘फिट’ केला की ९४-९५ टक्क्यांवर येतो. त्याच नमुन्याची ए४ फाइल उपलब्ध असेल तर तीच घ्यावी. क्रिएटिव्ह पार्कवर दोन्ही मिळतात.

‘बॉर्डरलेस’, म्हणजे कडेपर्यंत छपाई, फोटोला सुंदर आणि मॉडेलला घातक. पांढरी कड राहू नये म्हणून प्रिंटर चित्र मुद्दाम थोडं मोठं करतो आणि कडेचा भाग कागदाबाहेर टाकतो. म्हणजे मापही बदललं आणि कडेच्या चिकटवायच्या पट्ट्याही कापल्या गेल्या.

म्हणून ‘ॲक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायचं, बॉर्डरलेस बंद ठेवायचं आणि पहिल्यांदा एकच पान साध्या कागदावर छापून मोजायचं. नमुन्यावर मोजपट्टी नसेल तर वर्डमध्ये १०० मिलिमीटरची आडवी आणि उभी रेघ काढून त्याच सेटिंगवर छापा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मग त्याच संगणकावरून, त्याच बैठकीत सगळी पानं छापा.

टाकी की कार्ट्रिज? ७५०० पानांचा खरा अर्थ

खोक्यावरची पानं मोजताना प्रत्येक रंगाने पानाचा साधारण पाच टक्के भाग व्यापलेला धरतात. म्हणजे मजकूर आणि एखादं लहान चित्र. किल्ल्याच्या तटाचं पान साठ-सत्तर टक्के रंगानं भरलेलं असतं, फोटो तर पूर्ण. त्यामुळे मॉडेल आणि फोटो यांच्यासाठी खोक्यावरचा आकडा दहाने भागूनच हिशेब करावा. टाकीच्या ७५०० पानांची ७५० झाली तरी ती कित्येक वर्षं पुरतील. लहान कार्ट्रिजवर, म्हणजे शाईच्या बदलायच्या बंद डबीवर, शंभर-सव्वाशे पानं लिहिलेली असतात, त्यांची दहा-बारा होतात आणि मॉडेल अर्ध्यावर असताना रंग संपतो. शिवाय तिरंगी कार्ट्रिजमध्ये नुसता निळा संपला तरी अख्खं कार्ट्रिज टाकावं लागतं. टाकीचा प्रिंटर घेताना महाग पडतो, पण या कामासाठी दुसरा विचार करू नये.

बाटली मात्र त्याच मॉडेलची घ्या. मगवर छपाई करणाऱ्यांसाठी ‘सब्लिमेशन’ शाई मिळते, तीही तशाच बाटल्यांत. ती फोटोपेपरवर मळकट रंग देते आणि एकदा टाकीत ओतली की नळ्यांतून काढणं जवळजवळ अशक्य.

पण महिन्यातून एकदाच छापायचं असेल तर?

इंकजेटचा खरा शत्रू न वापरणं. केसापेक्षा बारीक भोकांत शाई वाळते आणि छपाईत आडव्या पांढऱ्या रेघा येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात हे लवकर होतं. आठ-दहा दिवसांतून एकदा सगळे रंग असलेलं अर्धं पान छापलं की हा त्रास टळतो.

त्याहून मोठी चूक आपल्या सवयीतली आहे. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड बाजूला जाऊन रबरी टोपीखाली बसतं, डब्याला झाकण लावावं तसं. भिंतीचं बटण दाबलं आणि हेड मध्येच थांबलेलं असेल तर ते उघडं राहून वाळतं. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच भिंतीचं.

रेघा आल्याच तर आधी ‘नोझल चेक’ छापा. त्यातल्या जाळीत कुठे तुटकपणा आहे ते दिसतं. मग ‘हेड क्लीनिंग’ एकदा, पुन्हा नोझल चेक. तीन वेळा करूनही सुधारलं नाही तर प्रिंटर बंद करून बारा तास राहू द्या, वाळलेली शाई आपोआप सैल होते. घाईने दहा-दहा वेळा क्लीनिंग करणं महागात पडतं, कारण ती सगळी शाई तळाशी असलेल्या स्पंजात जाते. स्पंज भरला की प्रिंटर थांबतो. काही मॉडेलांत तो भाग घरीच बदलता येतो, काहींत सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. खरेदीआधी हे विचारा, आणि हेड ग्राहकाला बदलता येतं का तेही. कॅननच्या जी-मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये येतं, एप्सनमध्ये नाही.

वर्षातून दोनदाच, गणपती-दिवाळीला छापायचं असेल तर प्रिंटर घेऊ नका. पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन डिजिटल प्रिंटच्या दुकानात जा, ‘१०० टक्के, फिट करू नका’ असं सांगा आणि पहिलं पान तिथेच मोजा. तिथलं यंत्र टोनरचं असतं, तेव्हा घड्यांवर रेघ दाबून घ्यायचं विसरू नका.

फोटो लॅबमधूनच का आणू नयेत?

जरूर आणावेत. पन्नास-शंभर फोटो एकदम हवे असतील तर लॅबचा फोटो घरच्यापेक्षा स्वस्त पडतो आणि दीर्घकाळ टिकतो. घरी छापण्याचा फायदा पासपोर्ट फोटो, शाळेला उद्या हवा असलेला तक्ता, किंवा रंग हवा तसा येईपर्यंत पुन्हा छापण्याची मोकळीक एवढाच.

फक्त अल्बमचे ४ × ६ इंचाचे फोटो हवेत आणि मॉडेल नकोत, तर कॅननच्या ‘सेल्फी’ (SELPHY) मालिकेतल्यासारखा लहान प्रिंटर वेगळ्याच पद्धतीने काम करतो. त्यात पिवळा, किरमिजी, निळा अशा रंगांची फीत असते, उष्णतेने रंग कागदात उतरतो आणि शेवटी पारदर्शक थर बसतो. शाई वाळण्याचा प्रश्नच नाही, सहा महिने बंद ठेवला तरी चालतो. कागद आणि फीत मोजून एकत्र येतात, त्यामुळे दर फोटोचा खर्च आधीच कळतो. कार्डशीट मात्र त्यात जात नाही.

दुकानात जाताना

मॉडेल जास्त आणि फोटो कधीमधी असतील तर मागून कागद घेणारा, चार रंगांचा, काळी शाई पिगमेंट असलेला टाकीचा प्रिंटर घ्या. फोटो जास्त असतील तर सहा रंगांचा. स्कॅनर हवा असेल तर आधी खात्री करा, कारण सहा रंगांच्या काही प्रिंटरमध्ये, एल८०५० मध्येसुद्धा, तो नसतो.

पिशवीत तुमचं १८० जीएसएमचं कार्डशीट पाच-सहा पानं, मॉडेलच्या एका पानाची पीडीएफ आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. विक्रेत्याला त्याच कागदावर छापून दाखवायला सांगा. कागद न अडकता गेला, रेघ शंभर मिलिमीटर भरली, पाच मिनिटांनी अंगठा घासल्यावर काळा रंग पसरला नाही आणि घडीवर पांढरी चीर पडली नाही, तर तो प्रिंटर तुमच्या कामाचा. दुकानदार छापून दाखवायला तयार नसेल तर शेजारच्या दुकानात जा.